ठोकलेल्या बाजूची सीट

आई, तू आयुष्यात जितक्या गाड्यांतून फिरलीस त्यातली एकही आपली नव्हती. सगळ्या गिऱ्हाइकांच्या, आणि सगळ्या कधी ना कधी कुठेतरी जाऊन आदळलेल्या. मरोळच्या आपल्या गॅरेजात बाबा वाकलेली चेसिस सरळ करायचे. चेसिस म्हणजे गाडीचा सांगाडा, इंजिनापासून आत बसलेल्या माणसांपर्यंत सगळं ज्याच्या भरवशावर असतं तो. असं मोठं काम संपलं की गाडी मालकाच्या हवाली करण्याआधी तिची ट्रायल व्हायची, आणि ट्रायलला बाबांचा नियम एकच होता. ज्या बाजूला मार बसलाय त्या बाजूला घरचं माणूस बसवायचं. कामगार नाही, शेजारी नाही, घरचं. मी शाळेत, आजी गावाला, म्हणजे घरचं माणूस तूच. मार डावीकडून असेल तर तू पुढे बाबांच्या शेजारी, उजवीकडून असेल तर मागे त्यांच्या पाठीशी. बाकीच्या बायकांना नवरे हौसेने फिरवतात, तुला बाबा तपासणीसाठी फिरवत होते, आणि तू ते हौसेत घेतलंस.

मला सुट्टीचे दिवस आठवतात. बाबा गल्लीच्या तोंडाशी गाडी उभी करतात आणि हॉर्न दाबून ओरडतात, “ए, चल, बस!” तू कुकरखालचा गॅस बंद करतेस, तोंडाला पावडर लावतेस, ठेवणीतली साडी नेसतेस. बाबा पुन्हा हॉर्न देतात. तू मुद्दाम आणखी एकदा आरशात बघतेस. समोरची काकू विचारते, कुठे गं, लग्नाला? तर तू म्हणतेस, “नाही बाई, ट्रायलला,” आणि ते अशा तोऱ्यात की तिला वाटावं हे लग्नापेक्षा काहीतरी वरचं प्रकरण आहे. मग आरे कॉलनीतला तो स्पीडब्रेकरने भरलेला रस्ता. बाबा मध्येच स्टिअरिंगवरचे दोन्ही हात सोडून बघायचे, गाडी एका बाजूला ओढते का. मी मागच्या सीटवर जीव मुठीत धरून, आणि तू खिडकीतून बाहेर झाडं बघत. परत येताना भाजलेली कणसं घ्यायची आणि गाडीत दाणे सांडू नयेत म्हणून उतरून खायची, कारण गाडी दुसऱ्याची.

तुला आठवत असेल ती पांढरी गाडी. मालकाच्या मुलीचं लग्न रविवारी होतं आणि त्याला तीच गाडी दारात हवी होती. पुढचा डावा दांडा पार दुमडला होता. गाडी समोरून आपटली की मार खाणारा तो दांडा, आम्ही त्याला लेग म्हणतो. घडी पडलेला लेग सरळ करायचा नसतो, कापून दुसरा लावायचा असतो, हे बाबांनीच मला शिकवलं. पण मालक रोज येऊन डोक्यावर बसत होता. बाबांनी लेग गॅसने लाल करून ठोकला, वरून पत्र्याची पट्टी मारली आणि काळा रंग फासला. बाहेरून गाडी झकास दिसत होती. तू डबा घेऊन आली होतीस. बाबा हात पुसत तुझ्याकडे आले आणि म्हणाले, “बसतेस का?”

मी तिथे होते, म्हणून सांगते. तू डबा खाली ठेवलास आणि त्यांच्या तोंडाकडे बघत राहिलीस. रागावलीस की तुझी मालवणी बाहेर यायची. “माका नाय बसूचा,” म्हणालीस.

“का? काय झालं?”

“इतकी वर्षं कधी विचारलंत? आजच कसं विचारावंसं वाटलं?”

मालक म्हणाला, “वहिनी, काम झालंय, मी स्वतः बघितलंय.” तू त्याच्याकडे वळून शांतपणे म्हणालीस, “मग तुमच्या मुलीला बसवा त्या बाजूला.” बाबांनी किल्ली टेबलावर आपटली. तू डबा तिथेच ठेवून निघालीस आणि मीही तुझ्यामागे धावले. डब्यातली भाजी तशीच परत आली. पण त्यांनी ती पट्टी उखडली. कुर्ल्याच्या भंगारात हिंडून त्याच गाडीचा चांगला लेग शोधून आणला, जुना कापला, नवा जोडला. लग्न भाड्याच्या गाडीने झालं आणि मालक बाबांना नको नको ते बोलला. त्यानंतर एका संध्याकाळी गल्लीत हॉर्न वाजला आणि नेहमीची आरोळी आली. त्या दिवशी तू तयार व्हायला जितका वेळ घेतलास ना, तितका माझ्या लग्नातही घेतला नाहीस. बाबा मुकाट्याने गाडीत बसून होते. एकदाही दुसरा हॉर्न दिला नाही.

आता गॅरेज माझ्याकडे आहे. तुला मी बँकेत हवी होते, पण ‘बँकेत माझे जावई आहेत’ म्हणायची तुझी सोय झाली, तेवढ्यावर भागव. बाबा ऐंशीच्या पुढे गेले. सकाळी माझ्याबरोबर येतात, दाराशी प्लास्टिकच्या खुर्चीत बसतात आणि माझ्या प्रत्येक कामात नाक खुपसतात. आपल्याकडे आता बेंच आहे, लोखंडी पलंगासारखी मशीन. गाडी तिच्यावर खालून घट्ट पकडायची आणि साखळीने हवी त्या दिशेला खेचायची. बाबा अजून तिला पाहुणीच समजतात.

मागच्या महिन्यात एक लाल गाडी आली. चालवणारी शाळेत शिकवणारी मुलगी. जोगेश्वरीच्या लिंक रोडवर दुभाजकावर आदळली, शेजारी तिची आई होती. दोघी वाचल्या, आईचा हात मोडून गळ्यात. दुसऱ्या गॅरेजवाल्याने तिला सांगितलं होतं, वरून चकाचक करून देतो, विकून टाका. ती मला म्हणाली, “ताई, विकली तर त्या सीटवर दुसऱ्या कुणाची तरी आई बसेल ना. तुम्ही नीट होईल तरच करा, नाहीतर सरळ नाही म्हणा.” मला पोरगी आवडली.

डावा लेग पुढे दुमडलेला, मागे नुसता वाकलेला. पुढचा भाग कापून नवा लावायचा आणि मागचा खेचून जागेवर आणायचा. बाबा खुर्चीतून ओरडले, “गॅस लाव गं, दोन मिनिटांचं काम आहे.”

“बाबा, आताचं पोलाद वेगळं असतं. तापवलं की त्याचा जीव जातो.”

“आणि आमच्या वेळी काय, निर्जीव होतं?”

मी गॅस लावला नाही. हळूहळू खेचलं, थांबले, सोडलं, मापलं. ओढलेलं लोखंड सोडलं की थोडं मागे जातंच, म्हणून पुन्हा खेचायचं. संध्याकाळपर्यंत दरवाजे नीट लागत होते, बॉनेटच्या फटी सारख्या होत्या. पण तिरकी मापं जुळेनात. एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतची दोन्ही अंतरं सारखी हवीत, आणि त्यांत काडेपेटीतल्या काडीच्या जाडीएवढा फरक होता. खरं सांगू? कुणालाही कळलं नसतं. त्या मुलीला नाही, इन्शुरन्सवाल्याला नाही. मी घरी गेले आणि जेवताना ट्रायलला कुणाला न्यायचं याचा विचार करू लागले. नवरा, लेक, बाबा. प्रत्येकाला मनातल्या मनात त्या सीटवर बसवलं आणि प्रत्येकाला उठवलं. सकाळी गाडी पुन्हा बेंचवर घेतली, पकड बदलली, कोन बदलला आणि दुपारपर्यंत ती काडी काढली. दोन्ही मापं तंतोतंत आली तेव्हा मी एकटीच टाळ्या वाजवल्या. मग पुढचा नवा तुकडा मापात बसवून जोडला, फुटलेल्या एअरबॅगा आणि पट्टे नवे घातले. आई, असं काम अख्ख्या मरोळमध्ये कुणी करून दाखवावं.

गाडी तयार झाली त्या दिवशी जेवणं झाल्यावर बाबांना म्हटलं, चला, बसा. त्यांना आधी कळलंच नाही, कारण ट्रायलला ते कायम चालवायला असायचे. मग काठी टेकत उठले, डाव्या दाराशी जाऊन वाकून खाली डोकावले, हुं केलं आणि बसले. पट्टा मी लावून दिला. म्हटलं, आता सुरू होईल, इथे आवाज येतोय, तिथे खडखडतंय. या माणसाला रिक्षात बसवलं तरी तो चालकाला बेअरिंग बदलायला सांगतो. आरेत शिरले. पहिला स्पीडब्रेकर, दुसरा, मग ओळीने खड्डे. बाबा गप्प. मी स्टिअरिंग सैल सोडलं, गाडी रेघेत सरळ चालली. तरी गप्प. मला राहवेना, म्हणून बाजूला बघितलं. तोंड उघडं टाकून गाढ झोपले होते.

मी गोरेगावच्या टोकापर्यंत गेले आणि त्यांना न उठवता तशीच हळू परत आले. सगळा वेळ डोळे भरलेले. दार उघडल्यावर जागे झाले आणि म्हणाले, “झाली ट्रायल?” मी म्हटलं, झाली.

हे पत्र तुझ्यापर्यंत पोचणार नाही, त्यामुळे उरलेलंही सांगून टाकते. जेवणानंतरची त्यांची गोळी आहे ना, ती घेतली की त्यांना पंधरा मिनिटांत झोप लागते, घरीदारी, कुठेही. मला हे पक्कं माहीत आहे, गोळी मीच देते. पण ती झोप मी माझ्या कामाच्या नावावर लावून घेतली आहे, आणि आता परत करणार नाही.