दोघींची भाकर

बमरोली, सुरत
सोमवार, ६ मार्च १९९५

चि. छायाला तिच्या ताईचा प्रभूच्या नावाने सलाम.

अक्षर ओळखलंस ना? नऊ वर्षांनी पाहते आहेस, म्हणून विचारलं. इकडे आम्ही सुखरूप. ह्यांचा माग चालू आहे, कान तेवढे बंद पडत चाललेत. प्लेगात अर्धी सुरत पळाली, आम्ही इथेच राहिलो. पळायला जालन्यात आता आहे कोण?

त्या प्लेगमुळेच पुढचं सगळं घडलं. आमच्या मंडळीचा हॉल एकच. सकाळी आठला मराठी उपासना, दहाला गुजराती. आम्ही निघताना ते यायचे, दारात चपला बदलल्या जायच्या, तेवढीच ओळख. प्लेगात आमचे सात जण उरले, त्यांचे पाच. पाळक भालेराव म्हणाले, "बारा माणसांसाठी दोनदा घसा कशाला फोडू? एकत्र बसा." पुढे लोक परतले, पण पाळकांनी आम्हाला वेगळं केलं नाही. "संकटात भावंडं आणि सुखात शेजारी, हे चालणार नाही," म्हणाले.

प्रभुभोजनाची भाकर अकरा वर्षं मी करते. गव्हाची, पातळ, तेल नाही, मीठ नाही. गुजरात्यांची भाकर मालतीबेन मेकवान करते. आणंदकडची आहे. आवाज असा, की ह्यांनाही ऐकू येतो. फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी मी भाकर मेजावर ठेवली आणि पाहते तो शेजारी तिची. जाड, खरपूस, माझ्या दुप्पट. मी माझी जरा पुढे सरकवली. तिने तिची सरकवली. पाळक आले तेव्हा दोन्ही भाकरी मेजाच्या काठावर पोचल्या होत्या.

"भाकर एक म्हणून आपण एक, असं मी आता म्हणणार," पाळक म्हणाले. "काय बघून म्हणू?"

त्या दिवशी प्रभुभोजन झालंच नाही. हुकूम झाला, पुढच्या महिन्यात एकच आणा, दोघींनी मिळून केलेली.

परवा शनिवारी मालतीबेन स्वतःचा पोळपाट घेऊन माझ्या स्वयंपाकघरात आली. माझ्या घरात पोळपाट नसेल असं वाटलं की काय! ती म्हणाली, मोण नाखो. मी म्हटलं, तेल अजिबात नाही. मीठ चिमूटभर, यावर अर्धा तास गेला. मळताना एका परातीत चार हात. मी थांबले की ती मळायची, ती थांबली की मी. कणकेने तरी कोणाचं ऐकायचं? भाजताना तर दोघींनाही ती कच्चीच वाटत राहिली.

मळता मळता तिने विचारलं, "मार्थाबेन, तमारे बेन नथी?"

मी म्हटलं, "नाही."

"तो आजथी हुं तमारी बेन," ती म्हणाली, आणि कणकेच्या हातानेच माझा हात दाबला.

काल पाळकांनी भाकर उचलली, आशीर्वाद मागितला आणि मोडायला गेले. मोडेना. दोन्ही हातांनी जोर लावला, पोटाशी धरून पाहिलं. मागून मालतीबेनचा दीर म्हणाला, "साहेब, एकता जरा वधारे थई गई!" जरा जास्तच झाली, म्हणे. पाळकच आधी हसले. मग मराठी आणि गुजराती एकाच वेळी हसले. गाणं अजून त्यांना एका वेळी संपवता येत नाही, पण हसणं जमलं. तेवढ्यात भाकर काड्कन मोडली.

ताट माझ्यापाशी आलं. मी तुकडा घेतला नाही. पुढे दिला.

संध्याकाळी मालतीबेन धावत घरी आली. "मीठुं वधारे हतुं?" तिला वाटलं, मी तिच्या मिठावर रुसले. तेव्हा मला सांगावं लागलं, की मीठ बरोबर होतं, बहीण नाही हे खोटं होतं. मला सख्खी बहीण आहे. गाडीने चार तासांवर, वसईला.

छाया, तुझ्या लग्नाला ताप आल्याचं मी कळवलं होतं. ताप नव्हता. तू रोमन मंडळीत गेलीस याचा राग होता. बाबा असते तर ते लग्नात सर्वांच्या आधी जाऊन बसले असते, हे मला ठाऊक होतं, म्हणून जास्तच राग आला. तुझी तिन्ही पत्रं वाचली. उत्तर लिहायला बसले की आधी तापाचं खोटं निस्तरावं लागणार, म्हणून उठायची. आणि शनिवारी तर मी तुला पुसूनच टाकलं, तेही प्रभूच्या भाकरीला हात लागलेले असताना.

मालतीबेनने ऐकून घेतलं. मला वाटलं, आता ही नातं परत घेऊन जाईल. ती म्हणाली, "तो आपणे त्रण बेनो. तमारी नानीने क्यारे बोलावो छो?" नानी म्हणजे धाकटी, तुला कधी बोलावते विचारत होती.

तर विचारते. ईस्टर सोळा एप्रिलला आहे. दोघं या. उपासनेला आमच्यात बसायचं नसेल तर बसू नका, घरी या. यायचं नसेल तर तसं लिही. रागाचं लिहिलंस तरी मी ते वाचीन, आणि या वेळी उत्तरही देईन.

पास्कलरावांना माझा सलाम सांग. नऊ वर्षांत पहिल्यांदाच सांगते आहे, तेव्हा ते बसलेले असताना सांग.

तुझी, आता बहीण आहे म्हणणारी,
तिघींतली थोरली,
मार्था