मूर एंडचा शेवटचा थांबा

१४, ॲल्बियन रो,
हार्थवेट, यॉर्कशायर
१३ ऑक्टोबर १९६८

मिस फर्थ यांस,

तुमचं कार्ड मंगळवारी पोचलं. व्हिटबीच्या बंदराचं चित्र छान आहे. कार्ड विल्फच्या नावानं होतं, पण या घरातली पत्रं मीच लिहिते, म्हणून उत्तरही मीच देते आहे. तुमच्या बहिणीच्या लॉजवर पाहुण्यांची वर्दळ आहे आणि समुद्राची हवा तुम्हाला मानवली आहे, हे वाचलं. आम्ही सगळे बरे आहोत.

आमच्या जीनचं लग्न ठरलं. मुलगा नव्या डिझेल बसवर ड्रायव्हर आहे. विल्फ त्याच्याशी हवापाण्याच्या पलीकडे बोलत नाही.

विल्फचं तुम्ही विचारलंत. विजेच्या तारांवर चालणाऱ्या ट्रॉलीबस बंद झाल्यावर त्यालाही डिझेलवर घातलं. एकच माणूस गाडी चालवणार, तोच तिकिटं फाडणार. तुमच्यासारखी कंडक्टर नाही, म्हणजे गाडी सोडायची घंटाही नाही. पहिल्या सकाळी म्हणे गाडी भरली, दार लागलं, आणि हा स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिला. मागून कुणीतरी ओरडलं, "काय आजोबा, चहा यायचाय का?" तेव्हा त्याच्या लक्षात आलं की आपण तुमच्या घंटेची वाट बघतोय. असं दोनतीनदा झालं. मग साहेबानं त्याला गाड्या धुण्याच्या शेडमध्ये टाकलं. हे मला विल्फनं नाही, जीनच्या होणाऱ्या नवऱ्यानं सांगितलं. विल्फ काही सांगत नाही. येतो, जेवतो, खुर्चीत बसतो. बोलायचं सगळं तो तुमच्याजवळच संपवून आलाय की काय, असं वाटतं.

कारण पूर्वी बोलायचा. जेवताना निम्मी वाक्यं तुमच्याच नावानं, "कॉनी म्हणाली" अशी सुरू व्हायची. कॉनी म्हणाली, सरकार पडणार. कॉनी म्हणाली, कोबीत चिमूटभर जायफळ घालून बघ. मी घातलं. त्यानं दोनदा वाढून घेतलं. त्यानंतर मी घरात जायफळ आणलेलं नाही. टपावरचे दांडे तारांवरून निसटले, की तुम्ही गाडीखालचा तो लांबच लांब बांबू ओढून काढायच्या आणि भर चौकात एका झटक्यात दांडे परत तारांवर बसवायच्या. हे मी इतक्यांदा ऐकलंय की माझ्या स्वप्नातसुद्धा तुम्ही बांबू घेऊनच येता.

एक सांगून ठेवते. हार्थवेटमध्ये पहिली ट्रॉलीबस धावली तेव्हा त्याच्या शेजारी मी होते. ट्रामचे रूळ नुकतेच उखडले होते, आमचं लग्न ठरलं होतं. ना खडखड, ना धूर. मिल हिलचा चढ ती नुसती गुणगुणत चढली. सीट इतक्या मऊ की माझी आई म्हणाली, "उतरायचं कशाला, इथंच राहू या." विल्फ तोवर ट्रामवर होता. त्यानं माझा हात दाबला आणि म्हणाला, "एडी, मी ही चालवणार." हे तो मला म्हणाला होता, मिस फर्थ. तुम्ही तेव्हा शाळेत असाल.

जुलैमधल्या त्या शेवटच्या फेरीलाही मी होते. तुम्ही मला पाहिलं नसेल. वरच्या मजल्यावर अगदी पुढे बसले होते. दोन्ही बाजूंना माणसं, पोरांच्या हातात झेंडे, बाया दारात उभ्या. तिकिटं आठवण म्हणून हवीत, तर तुमच्याभोवती ही झुंबड. मूर एंडला सगळे फोटो काढायला उतरले. मीही उतरले आणि बसच्या मागे आले, तर तिथे तुम्ही दोघं. त्याचं डोकं तुमच्या खांद्यावर, आणि त्याची पाठ हलत होती.

आमच्या घरावर सगळ्यात वाईट दिवस आला तेव्हाही तो रडला नव्हता. शवपेटी खांद्यावर घेऊन निघाला, तेव्हाही नाही. तो माणूस तुमच्या खांद्यावर रडत होता, आणि तुम्ही लहान मुलाला थोपटावं तशा त्याला थोपटत होता.

मी उतारावरून चालत घरी आले. तो आल्यावर "कुठे गेली होतीस" म्हणाला. मी म्हटलं, गर्दीत डोकं दुखायला लागलं.

यापुढे कार्ड पाठवू नका, ही विनंती. पण एका गोष्टीचं उत्तर तेवढं द्या. तो कशासाठी रडत होता? बससाठी, असं लिहू नका. मी बत्तीस वर्षं त्याची बायको आहे.

आपली,
मिसेस डब्ल्यू. होलरॉइड


हार्थवेट
१२ नोव्हेंबर १९६८

कॉनी,

तुझ्या दोन ओळी मिळाल्या. "हे मी सांगायचं नाही. विल्फला विचारा, पण ॲलनचं नाव घेऊन विचारा."

माझ्या ॲलनचं नाव, तुझ्या अक्षरात. मला वाटलं, कुणी तरी माझ्या कपाटात हात घातला. तो जाऊन एकोणीस वर्षं झाली, आणि या घरात ते नाव कुणी मोठ्यानं घेतलेलं नाही. विल्फनं नाही, मी नाही. आपल्याला एक भाऊ होता, तो सातव्या वर्षी पोलिओनं गेला, एवढंच जीनला माहीत. मग तू कोण ते लिहिणारी?

रविवारी जेवणं झाल्यावर विचारलं. मी बशा धूत होते, तो पुसत होता. बाहेर पोरं पाच तारखेच्या शेकोटीच्या सणाचे उरलेले फटाके उडवत होती.

म्हटलं, "विल्फ, तू आणि कॉनी मूर एंडला ॲलनबद्दल काय बोलायचात?"

त्यानं बशी खाली ठेवली. "तिनं लिहिलं?"

"तिनं काही लिहिलं नाही. तुझं गुपित तिनं गिळून ठेवलंय. तेच तर मला खुपतंय."

फडकं पिळत तो म्हणाला, "मी त्याला बघायचो, एडी."

"कुणाला?"

"आपल्या ॲलनला. रोज. प्रत्येक फेरीला."

तुला सगळं ठाऊक आहे, पण मला लिहून काढू दे, नाहीतर माझं डोकं फुटेल. ॲलनला मूर एंडच्या साथीच्या दवाखान्यात ठेवला तेव्हा जीन पोटात होती. डॉक्टर म्हणाले, त्या रस्त्याला फिरकायचंसुद्धा नाही, पोटातल्या बाळाला धोका आहे. आईबापांना आत सोडतच नव्हते. विल्फ रविवारी फाटकाशी जाऊन चौकशी करतो, इतकंच मला माहीत होतं. परत आला की म्हणायचा, "बरा आहे, जेवतोय." मी त्या शब्दांवर आठवडा काढायची.

आणि त्या दिवसांत दवाखान्यासमोर, तारा जिथे गोल वळून परत फिरतात तिथे, माझा नवरा दिवसातून सात-आठ वेळा गाडी उभी करत होता. तिथे वरच्या खिडकीत एक नर्स माझ्या पोराला उशा लावून बसवायची. गाडीचा आवाज तर येत नसे, पण ती यायच्या आधी तारा थरथरायच्या. तारा हलल्या की तो नर्सला म्हणायचा, "बाबा आला." ती नर्स कुंपणाशी येऊन हे तुला सांगायची. तुला!

मी म्हटलं, "मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तू पुढच्या बसनं आली असतीस."

"आलेच असते!"

"म्हणूनच. दोघांनाही गमावलं असतं तर मी काय केलं असतं? वाटलं, तो बरा होऊन घरी आला की सांगू. गंमत म्हणून सांगू. मग तो आलाच नाही. मग काय सांगणार, एडी? की तू इथे बाळाचे मोजे विणत होतीस आणि मी रोज त्याला बघत होतो?"

तो रडला. माझ्याजवळ, स्वयंपाकघरात. मी त्याला थोपटलं नाही. माझे हात साबणाच्या पाण्यातच राहिले.

आता तुझ्याबद्दल. विल्फ तुझ्या प्रेमात असता, तर मला सोपं होतं. तुझ्या बहिणीच्या दारात येऊन मी सगळ्या पाहुण्यांसमोर तुझे केस उपटले असते. ते मला जमलं असतं. पण याचं काय करू? माझ्या पोराचे शेवटचे दिवस तू पाहिलेस. तो रोज तुझ्याकडे बघून हात हलवायचा. मी त्याला जन्म दिला, आणि त्याचा शेवटचा उन्हाळा तुला मिळाला, तिकिटाचं यंत्र गळ्यात अडकवून उभ्या असलेल्या परक्या बाईला. नवरा नेला असतास तर परत मागता आला असता.

तुझा काही दोष नाही, हे मला कळतं. म्हणून तर आणखी संताप येतो.

उत्तर पाठवू नकोस.

एडिथ होलरॉइड


हार्थवेट
२३ मार्च १९६९

प्रिय कॉनी,

उत्तर पाठवू नकोस म्हटलं आणि तू खरंच पाठवलं नाहीस. नाताळात कार्ड येईल असं वाटत होतं. पोस्टमन येऊन गेला की मी दाराशी जायची. आलं असतं तर फाडलं असतं, पण नाही आलं याचाही राग आला. माझं असं आहे बघ.

नोव्हेंबरनंतर आम्ही महिनाभर धड बोललो नाही. मग हळूहळू तो एकेक सांगू लागला, बशा पुसताना. समोर बसून त्याला जमत नाही, हातात काहीतरी लागतं. जीनलाही सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे माझ्यामुळे आईला जाता आलं नाही?" मी तिला जवळ घेतलं आणि म्हटलं, "वेडी आहेस. तू होतीस म्हणून मी त्यातून उठले."

गेल्या आठवड्यात मूर एंडच्या तारा काढायला माणसं आली. तांबं विकणार आहेत म्हणे. विल्फनं शेडमध्ये ऐकलं आणि घरी येऊन टोपी न काढताच म्हणाला, "एडी, उद्या माझ्याबरोबर येशील?"

आम्ही डिझेलनं गेलो. गाडी जीनचा होणारा नवराच चालवत होता. तो आमच्याकडून पैसे घेईना, विल्फ दिल्याशिवाय बसेना. शेवटी विल्फ म्हणाला, "घे रे, माझ्यामुळे तुझी नोकरी जायला नको." इतक्या महिन्यांत तो पहिल्यांदा त्या पोराशी हसून बोलला.

तिथे अर्ध्या तारा उतरल्या होत्या. शिडीच्या गाडीवरची माणसं उरलेल्या कापून गुंडाळत होती. दवाखाना आता नगरपालिकेचं गोदाम आहे, खालच्या खिडक्यांना फळ्या ठोकल्यात. एकोणीस वर्षांत मी पहिल्यांदा त्या इमारतीसमोर उभी राहिले. शेवटच्या फेरीच्या दिवशीसुद्धा मी तिच्याकडे पाठ करूनच गाडीतून उतरले होते.

विचारलं, "कुठली?"

"वरची. कोपऱ्यापासून दुसरी."

नुसती खिडकी. एक काच तडकलेली. मी बघत राहिले. मग मला सगळंच हवंसं झालं, भुकेल्यासारखं. "अंगात काय असायचं त्याच्या? निळा स्वेटर द्यायचे का? केस वाढले होते का? हात कुठला हलवायचा? उजवा तर लुळा पडला होता ना?"

विल्फ म्हणाला, "मला नाही माहीत, एडी."

"रोज बघायचास ना?"

"बघायचो. पण वर मान केली की डोळे भरायचे. खिडकी दिसायची, त्यात काहीतरी पांढरं हललेलं दिसायचं. परत उतारावर गाडी न्यायची असायची, मागे माणसं बसलेली. कॉनी ड्रायव्हरच्या खिडकीशी येऊन मला सांगायची. आज हसला. आज टोपी मागतोय, तुमची टोपी उंच करा. मी करायचो. तिच्याच डोळ्यांनी मी त्याला बघितलं."

हे ऐकून मी त्या कुंपणाच्या कठड्यावर बसले. तारा गुंडाळणारा एक माणूस म्हणाला, "बाई, जरा पलीकडे सरका, अंगावर येईल." मी सरकले.

म्हणजे ती नर्स सोडली, जी आता कुठे आहे कुणास ठाऊक, तर या जगात माझ्या मुलाला शेवटी नीट पाहिलेलं माणूस एकच आहे. ते व्हिटबीला पाहुण्यांचे पलंग घालतं आणि मी त्याला उत्तर पाठवू नकोस म्हणून बजावलंय.

कॉनी, ईस्टरला ये. जीनची खोली तुला देते. जीनला तू बघितलेलं नाहीस, तिचं हसू ॲलनसारखं आहे असं मला वाटतं. तसं आहे का, ते तूच सांगू शकशील. शनिवारी दुपारी विल्फला मी फुटबॉलच्या सामन्याला पाठवीन. मग तू आणि मी, चहाचं भांडं मध्ये ठेवून बसू. तू पहिल्या दिवसापासून सुरू कर. ऊन होतं की पाऊस, तेही सांग. जे आठवत नसेल ते रचू नकोस. मला रचलेलं ओळखता येतं. आणि मधेच मी उठून मागच्या अंगणात गेले तर माझ्यामागे येऊ नकोस, मी परत येईन.

मी तुझ्यावर प्रेम करू लागले, असं समजू नकोस. मला तुझा हेवा वाटतो. तू बोलत असशील तेव्हाही वाटेल, कदाचित जास्तच. मरेपर्यंत वाटेल. तो असू दे, त्याच्यासकट ये.

एक गोष्ट आत्ताच लिहून ठेवते, समोर बसल्यावर माझ्या तोंडून निघणार नाही. बसमधून माणसं उतरायची तेव्हा तो त्यांच्यात कुणाला शोधायचा का? बाबा तर पुढे बसलेला त्याला दिसायचा. मग सगळी उतरून जाईपर्यंत तो दाराकडे बघत राहायचा का?

हो असेल तर हो म्हण.

वाट बघते आहे,
ॲलनची आई,
एडिथ