मावशीच्या कोटाचं बटण

ती. किकुए मावशीस शिगेहारूचा वाकून नमस्कार.

तोक्योत एव्हाना थंडी ओसरली असेल आणि काकांची आखडलेली कंबर पुन्हा वाकू लागली असेल, अशी आशा करतो. इकडे सगळे ठीक. आजोबांना खोकला आहे, पण त्याचा त्रास त्यांच्यापेक्षा शेजाऱ्यांनाच जास्त होतो.

काल शाळेचा निरोप समारंभ झाला. तुम्ही सगळे तोक्योला जाताना तुमच्या र्योजीदादाचा गणवेश मला देऊन गेलात ना, त्याचं वरून दुसरं बटण दादाच्या निरोपाच्या दिवशी कुणा मुलीने मागून नेलं होतं (ते काळजाजवळ असतं म्हणून मुली आवडत्या मुलाकडे तेच मागतात, पँटचं कुणी मागत नाही). त्या जागी तू तुझ्या कोटाचं लावलंस. चार बटणांवर शाळेचं चिन्ह आणि एकावर गुलाब! तीन वर्षं मी त्यावर हात धरून वावरलो. वर्गशिक्षकांनी मला दोनदा छातीचा फोटो काढायला पाठवलं.

तर काल फुमिनो आली. (शेजारच्या बाकावरची. तीन वर्षं माझ्या डब्यातलं लोणचं तिने खाल्लं आणि मी खाऊ दिलं, यावरून काय ते समज.) म्हणाली, "ए शिगे, तुझं दुसरं बटण दे ना." आणि मावशी, मी चक्क पळालो! गुलाब बघून ती हसेल या धास्तीने पोहण्याच्या तलावामागे जाऊन लपलो. तिथे माझा जिवलग मित्र गेन्ता आधीच होता. त्याचं बटण कुणीच मागितलं नव्हतं, म्हणून कुणीतरी नेलंसं दिसावं यासाठी बिचारा ते स्वतःच उसवत बसला होता. माझी हकिगत ऐकून त्याने कपाळावर हात मारला. "गाढवा, दोन-चाळीसच्या गाडीने ती नोकरीवर नागोयाला चाललीय! हे घे माझं, अस्सल शाळेचं. पळ!"

सायकल दामटत स्टेशनात पोचलो. ती डब्यात खिडकीशी बसलेली, डोळे लाल. मी गेन्ताचं बटण पुढे केलं. तिने ते उलटसुलट करून पाहिलं आणि कडाडली, "हे कुणाचं उचललंस? मला गुलाबाचं हवंय. तीन वर्षं तुझ्या शेजारी बसून मी काय नुसती फळ्याकडे बघत होते?" मी ओढून तोडलं, तर कापडाचा तुकडाही सोबत आला. तिने तोही ठेवून घेतला. मावशी, इतकं सुटल्यासारखं मला जन्मात वाटलं नव्हतं. फलाटावर उभ्या उभ्या रडलो, आणि भूकही लागली.

तुझा,
शिगेहारू

ता. क. : गाडी हलताना फुमिनोने पत्ता मागितला. मी तुझा दिला. कारण मी प्रवेश परीक्षेत आपटलो आहे आणि एप्रिलपासून वर्षभर तोक्योच्या शिकवणीला जायचं आहे. तुझ्याकडे राहू का, हे विचारायलाच खरं तर पत्र लिहायला घेतलं होतं.

आणखी एक : मी गाडीमागे धावत ओरडून विचारलं, "मी पास होईपर्यंत थांबशील का?" ती म्हणाली, "पत्रातून कळवते." ते पत्र माझ्याआधी तुझ्याकडे पोचेल. उघडू नकोस. उघडशीलच, मी ओळखतो तुला. 'हो' असेल तर लगेच तार कर. 'नाही' असेल तर मला इथे आणखी दोन आठवडे सुखाने जेवू दे.