घाट उतरायचे ब्रेक

२५ सप्टेंबर १९८३, रविवार
फर्डिनंडची पेटी आली, एकदाची! मार्सेलचा हा मावसभाऊ कुवेतला असतो. तिथे आपल्या व्हॅनसारखीच, पण दोन वर्षं नंतरची गाडी भंगारात निघाली होती. तिचे पुढचे डिस्क ब्रेक त्याने पाठवले — शिवाय दोन चाकं आणि घासणारे पॅड दोन जोड. मार्सेल चर्चमधून, मिस्साहून आला तो कोट न काढताच पेटीत शिरला.

२७ सप्टेंबर
सगळं का चाललंय ते लिहून ठेवते. कॅथरिन, मार्सेलची बहीण, माझी नणंद, नाशिकच्या मठात शेवटची व्रतं घेणार, १९ नोव्हेंबरला. आईंना, माझ्या सासूबाईंना, जायचंच आहे. गुडघे असे की एसटीची पायरी चढवत नाही. आमच्या गाडीत मागे बिछाना आहे, आडवं होऊन जाता येईल. जर्मनीहून याच गाडीने आलेलं एक जोडपं ती इथेच विकून विमानाने घरी गेलं, तेव्हापासून त्या बिछान्याचं आईंना कौतुक.
जाताना काही नाही. येताना कसाऱ्याचा घाट उतरायचा.
गेल्या मे महिन्यात त्याच घाटात ब्रेक तापले आणि पेडल सरळ खाली गेलं. गाडी डोंगराकडच्या गटारात गेली तेव्हा थांबली. वाडीतल्या खुरिसाजवळ, क्रुसापाशी जाऊन शपथ घेतली मी — पुन्हा या गाडीत बसणार नाही. मार्सेल मात्र प्रत्येक लग्नात ती गोष्ट सांगतो. त्याने नेम धरून गाडी गटारात कशी घातली, मी किंचाळले कशी, आणि जमिनीवर पाय कशी दाबत होते! “अगं, तुझ्या बाजूला ब्रेक नाही!” मग सगळे हसतात. मीही हसते. आतून मात्र राग येतो.

८ ऑक्टोबर
गोखिवऱ्याचा दयाराम मिस्त्री काम करतोय. ब्रेकचे जुने ड्रम निघाले. आत नुसता काळा भुगा. डिस्क बसल्या, पण वर जुनं चाक बसेना, ब्रेकला घासतं. कुवेतची चाकं शोधली तर आईंनी ती कोंबड्यांच्या खुराड्याला टेकवून ठेवलेली, आत वारा लागू नये म्हणून. कोंबड्या रुसल्या.

१५ ऑक्टोबर
ब्रेक बसले. डिस्कच्या तबकड्या आरशासारख्या चकचकीत. चाकं उद्या लावतो म्हणून दयाराम घरी गेला. मार्सेल दोनदा उठून बघून आला. लग्नात माझ्याकडे एवढं बघितलं नव्हतं त्याने.

१६ ऑक्टोबर, रविवार
फजिती! चाकं लागली आणि मार्सेल एकटाच चक्कर मारून आला. वाडीत शिरताना ब्रेक दाबला — गाडी थांबेचना. पुढचे ब्रेक काही धरतच नव्हते. दोन केळी आडव्या करून थांबली. मार्सेल उतरला तो पांढराफटक. मार्सेल म्हणाला, जुने ड्रम परत बसव, आपण काही नाशिकला जात नाही. आई ओट्यावर बसून रडल्या.
आणि मला वास आला. करपलेल्या खोबरेलाचा! स्वयंपाकघरात असता तर ओळखू आला असता कुणालाही. वाडीत कोण ओळखणार?
मी आईंजवळ बसले. विचारलं, “आई, त्या तबकड्यांना काही लावलंत का?”
“तेल लावलं ना. कोयत्याला लावते, विळीला लावते. लोखंड उघडं पडलं होतं रातभर, गंजलं असतं नाय?”
भर अंधारात, दुखऱ्या गुडघ्यांनी, प्रेमाने, दोन्ही तबकड्या चोळून ठेवल्या होत्या! दयाराम इतका हसला की खाली बसला. पेट्रोलने सगळं धुतलं, पॅडची दुसरी जोडी घातली. फर्डिनंडला दीर्घायुष्य लाभो.
दुपारी दोघांनी चर्चच्या रस्त्याने ट्रायल घेतली. जिथे दाबला तिथे थांबली. मीही रडले मग, उगाच. हलकं वाटलं.

१७ ऑक्टोबर
आईंना सांगितलं, गाडीला आता काही लावायचं नाही. “बरं. मग पुढे खडूने खुरीस तरी काढू का?” काढा म्हटलं.

२ नोव्हेंबर
आज मृतांचा दिवस, माझ्या बाबांच्या कबरीवर फुलं ठेवली. त्यांचा टेम्पो चालवत भाजी घेऊन पहाटे बाजारात जायचे मी, लायसन्सही त्यांनीच काढून दिलं. मार्सेल म्हणतो या गाडीचं हँडल डावीकडे, तुला जमणार नाही. बरं बाबा.
फादरना शपथेचं विचारलं. ते म्हणाले, ब्रेक बदलले ना? मग ती गाडी ती गाडी राहिली नाही. जा.

१९ नोव्हेंबर, नाशिक
कॅथरिनने व्रतं घेतली. आई बिछान्यावर झोपून आल्या, मठाच्या अंगणात स्वतःच्या पायांवर चालल्या. कॅथरिनच्या हातांना हात लावून कितीतरी वेळ बसल्या. एवढ्यासाठीच सगळं.
मार्सेल जेवला नाही. उन्हाने, म्हणतो.

२० नोव्हेंबर
घाटमाथ्यावर चहाला थांबलो. मार्सेलचा कप तसाच. मग कपाकडे बघतच म्हणाला, “मे महिन्यात गाडी गटारात मी घातली नव्हती, एमिली. मी डोळे मिटले होते. ती आपोआप गेली.”
मी किल्ली मागितली. त्याने दिली.
ब्रेक छान आहेत. आई मागे घोरत होत्या, आणि मार्सेल पूर्ण घाटभर माझ्या शेजारी पाय दाबत बसला होता, तिथे ब्रेक नाही तरी.