घंटीतले सेल

बाळ्या,

आईला माझ्या घरी नेतेय. एवढा मोठा होऊनही तू त्या रिमोटच्या गाडीला आणखी दोन मोटरी जोडल्या, सेल कमी पडले, म्हणून आईच्या उशाच्या घंटीतले काढलेस. सकाळपासून ती बटण दाबत होती आणि तू पलीकडच्या खोलीत गाडी पळवत होतास. दुपारी मी आले तेव्हा तू पाचवी मोटर आणायला गेला होतास. आई ओल्या गादीवर पडली होती, अंगठा बटणावरच. "घंटी बिघडली असेल, त्याला बोलू नकोस," म्हणाली. म्हणून बोलत नाही, लिहितेय.

गाडीतले सेल काढून घंटीत परत घातलेत. घंटी तुझ्या उशाशी ठेवलीय. म्हातारा झालास की दाबून बघ, कोण येतं ते.

ताई