कड लागल्याचा आवाज

प्रिय भुंग्या,

पाकीट पाहून घाबरू नकोस, घरी सगळं ठीक आहे. तुझ्या आईची टाच दुखायची थांबली. स्वयंपाकघरातला नळ मी स्वतः दुरुस्त केला आणि नंतर प्लंबरला बोलावून पुन्हा दुरुस्त करून घेतला. बसने अर्ध्या तासावर राहणाऱ्या मुलीला बाप पत्र का लिहितो, असं तुला वाटेल. ते शेवटी सांगतो. आधी मला तुझ्याशी भांडायचं आहे, आणि भांडण मुद्देसूद व्हावं म्हणून चष्मा पुसून बसलो आहे.

तुझी आई म्हणते, तू संपादकांकडे मैदानावरचं काम सोडून ऑफिसातलं मागितलं आहेस. दुसऱ्यांनी लिहून पाठवलेलं तपासायचं, मथळे द्यायचे, दिवा बंद करून घरी जायचं. सोमवारी त्यांना पक्कं काय ते सांगायचं आहे म्हणे. ते काम वाईट असं मी म्हणत नाही. पण तू ते का मागितलंस ते मला माहीत आहे, आणि ते कारण साफ चुकीचं आहे. तू क्रिकेटवर लिहिणं माझ्यामुळे सोडावंस हे मला सहन होणार नाही. टपालावर माझा भरवसा नाही, म्हणून सोमवारच्या आत हे पत्र तुझी आई स्वतः आणून देईल.

तू लहान असताना रविवारी मी तुला मैदानावर न्यायचो. तुझी आई तेव्हा हॉस्पिटलात ड्यूटीवर असायची, आणि तुला घरी एकटी ठेवलं तर तू भिंती रंगवायचीस. मी पंचाचा पांढरा कोट घालून आत जायचो आणि तू गुणलेखकाच्या टेबलाशेजारी बसून प्रश्नांची भुणभुण लावायचीस. तुझं नाव भुंगा त्यानंच ठेवलं. परतताना मी तुला कोण जिंकलं हे कधीच विचारलं नाही, ते मलाही माहीत असायचं. काय पाहिलंस, एवढंच विचारायचो. वाटलं ते नको, पाहिलंस ते सांग. एकदा तू म्हणालीस, की पहिल्याच चेंडूवर बाद झालेला तो उंच मुलगा पॅव्हेलियनमध्ये गेलाच नाही. त्यानं रोलरमागे बसून पॅड सोडले, कारण पॅव्हेलियनच्या पायरीवर त्याचे वडील बसले होते. सगळं मैदान नव्या फलंदाजाकडे बघत होतं, मीसुद्धा. तू मात्र त्या मुलाकडे बघत राहिलीस. त्याला बाद देणारं बोट माझंच होतं, पण बाद होणं म्हणजे काय असतं ते त्या दिवशी मला तुझ्याकडून कळलं.

तेव्हापासून क्रिकेटवर लिहिणाऱ्यांना मी त्याच मापानं मोजतो. आपल्या अलंकारशास्त्र्यांचंच घे. माणूस लाख चांगला, माझ्या वाटणीचा चहासुद्धा तोच मागवतो. पण त्याच्या लेखात बॅटची तलवार होते, चेंडूचा तोफगोळा होतो आणि ढग जमतात तेही यजमान संघाची बाजू घेऊन. त्यात खेळ नेमका कुठे झाला ते शोधत बसावं लागतं. आणि ते तुमचे घाईवाले गृहस्थ. चहापानाला जे उठतात ते थेट घरी जातात, आकडे फोनवरून घेतात आणि सकाळी आपल्यालाच सांगतात, की शेवटच्या तासात सामन्याला कलाटणी मिळाली. या लोकांचा मला राग येत नाही, हसू येतं. त्यांना दिसतच नाही, तर ते लिहिणार काय. राग येतो तो डोळ्यांनी नीट पाहून हात आखडता घेणाऱ्याचा.

आता त्या अंतिम सामन्याकडे येतो. त्या विषयावर आपल्या घरात सगळे मूग गिळून बसले आहेत. चेंडू बॅटची कड घेऊन यष्टिरक्षकाच्या हातात गेला, सगळा संघ ओरडला आणि मी मान हलवली. नाबाद. त्याच फलंदाजानं पुढे सामना जिंकून दिला. दुसऱ्या दिवशी अलंकारशास्त्र्यांनी लिहिलं, की दैवानं शूराला साथ दिली. बिचाऱ्यानं माझ्यावरच्या प्रेमापोटी लिहिलं. घाईवाल्यांनी लिहिलं, की पंचांचा कल कुणीकडे होता ते सुज्ञांना सांगायला नको. आणि तू लिहिलंस, ‘कड लागल्याचा आवाज सीमारेषेबाहेर बसलेल्या आम्हा सगळ्यांना आला. पंचांना आला नाही. निर्णय देण्याआधी त्यांनी मान किंचित उजवीकडे वळवली, अजून काही ऐकू येईल याची वाट पाहत असल्यासारखी. पंच माझे वडील आहेत, हे वाचकांना माहीत असावं.’ मी पेपरची घडी घातली. लागलं का? लागलं. खोटं कशाला सांगू? अर्धं आयुष्य उन्हात उभं राहायचं आणि चूक पोटच्या पोरीनं गावभर सांगायची. पण हेच दुसऱ्या कुणी दुसऱ्या पंचाबद्दल लिहिलं असतं, तर लिहिणाऱ्याला डोळे आहेत असं मी दहा जणांना सांगत फिरलो असतो.

पुढच्या आठवड्यात मी संघटनेला कळवलं, की आता माझं नाव यादीतून काढा. कोट धुऊन कपाटात गेला. षटकातले चेंडू मोजायला मी खिशात तुझ्या जुन्या फ्रॉकची सहा बटणं ठेवायचो, ती आईच्या शिवणाच्या डब्यात परत गेली. तू समजलीस, बाबा दुखावले आणि तुझ्यामुळे घरी बसले. तेव्हापासून तुझं घरी येणं कमी झालं आणि लिखाण कोमट झालं. ‘दोन्ही संघांनी छान खेळ केला.’ ‘पंचांचं काम मोठं कठीण असतं.’ परवाच्या सामन्यात कर्णधारानं जोडीदाराला धावेसाठी बोलावलं आणि तो अर्ध्या वाटेत आल्यावर त्याच्याकडे पाठ फिरवली. मी लांबच्या बाकावर बसलो होतो, तुला दिसलो नाही. मला तू दिसत होतीस. पत्रकारांच्या तंबूत तू एकटीच ताडकन उठून उभी राहिलीस. म्हणजे तू पाहिलंस. आणि सकाळी पेपरात काय, तर ‘दुर्दैवी धावबाद’. दुर्दैव त्या खेळपट्टीवर कुठेच नव्हतं भुंग्या, कर्णधार होता. कुणाला लागू नये म्हणून तू शब्द गिळलेस, आणि ज्याला खरोखर लागलं होतं तो पोरगा एकटा पडला. त्याची बाजू मांडणारं तिथे तुझ्याशिवाय दुसरं कोण होतं?

भांडण संपलं. आता पत्र का लिहिलं ते सांगतो. तुझा लेख आला त्या दुपारी तुझ्या आईनं तो पुन्हा एकदा वाचला. इतकी वर्षं नर्स होती ती, रागावण्याआधी तपासते. मान वळवल्याच्या वाक्यावर बोट ठेवून मला म्हणाली, ‘अहो, जेवताना मी हाक मारली तरी तुम्ही मान अशीच वळवता.’ दुसऱ्या दिवशी मला हाताला धरून कानाच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. उजवा कान जवळजवळ गेला आहे आणि डावाही त्याच्या मागोमाग निघाला आहे. मला ते कधीपासूनच जाणवत होतं, पण मी टीव्हीला नावं ठेवायचो, फोनला ठेवायचो, लोक हल्ली तोंडातल्या तोंडात बोलतात म्हणायचो. कोट मी त्यासाठी उतरवला. ऐकू येत नसताना पंच म्हणून उभं राहणं ही दोन्ही संघांची फसवणूक झाली असती. माझ्यात काय बिघडलंय ते डॉक्टरच्या आधी तू पाहिलंस, तेही सीमारेषेबाहेरून. आपण काय पाहिलं हे तुलाही कळलं नव्हतं, तरी जसं दिसलं तसं लिहिलंस. ते वाक्य तू माझ्यावरच्या मायेनं गाळलं असतंस, तर मी अजूनही तिथे उभा राहून लोकांच्या पोरांना चुकीचं बाद-नाबाद देत असतो.

हे तुला सांगायचं नाही, अशी आईला मीच शपथ घातली होती. कानाचं यंत्र आलं की ऐटीत सांगू, असा माझा बेत. पण गुरुवारी तुझा फोन आला तेव्हा आई बाहेर गेली होती, म्हणून मी उचलला. तू बराच वेळ बोललीस. मला एक अक्षर कळलं नाही, नुसती लांबून भुणभुण येत होती. तू घरी कधी येणार ते सांगत असशील असं धरून मी म्हणालो, बघू नंतर, आत्ता काय घाई आहे. तू फोन ठेवलास. काल आईकडून कळलं, तू मला काय विचारलं होतंस. बाबा, तुम्ही मला माफ केलंत का, असं विचारलं होतंस. फोनवर उत्तर दिलं असतं, पण त्यावर तू काय म्हणालीस ते मला ऐकू आलं नसतं. म्हणून हे लिहून देतो आहे. माफ करण्यासारखं तू काही केलंच नव्हतंस, भुंग्या. मला तुझा फार अभिमान वाटतो, आणि तो तोंडावर सांगायचं मी उगाच लांबणीवर टाकत आलो. सोमवारी संपादकांना सांग, की तू मैदान सोडणार नाहीस. यंत्र पुढच्या आठवड्यात मिळेल. ते लावून मी तुझ्या त्यानंतरच्या पहिल्या सामन्याला येईन, तंबूमागच्या बाकावर बसेन. परतताना या वेळी तू मला विचार, बाबा, काय ऐकलंत? वाटलं ते सांगणार नाही, ऐकलं तेवढंच सांगेन.

कोट उतरवला तरी तुझाच,
बाबा