साधनाकडचं बुकिंग

प्रिय साधना,

त्या दिवशी तू दार उघडलंस आणि मी सवयीनं ‘नमस्कार मॅडम’ म्हणून गेले, त्यामुळे आज ‘प्रिय’ लिहिताना हात जरा अडखळला. पत्र बघून तुला नवल वाटेल. पण तुझा नंबर माझ्याकडे नाही गं. निघताना तू म्हणालीस, तुझा फोन आला होता तो नंबर सेव्ह करते. मीही तसंच म्हणाले. तो नंबर तुझा नव्हता आणि माझाही नव्हता. आम्ही आणि कस्टमरनं एकमेकींना परस्पर गाठू नये म्हणून कंपनी मध्ये भलताच नंबर घालते. परवा लावून पाहिला तर अस्तित्वातच नाही म्हणाली ती बाई. मग सोमवारी तुझ्या बिल्डिंगच्या गेटवर आले. वॉचमननं विचारलं, कुठल्या कंपनीकडून? मी म्हटलं, मैत्रीण आहे. त्यानं माझ्याकडे वरून खालपर्यंत बघितलं आणि तुझ्या फ्लॅटला मोबाइलवरून विचारणा पाठवली. उत्तर आलं नाही. तू बाहेर असशील, असं मी मनाला सांगितलं. तिथेच सुलाबाई भेटल्या, तुझ्याकडे पोळ्या करायला येतात त्या. आमच्या मागच्याच गल्लीत राहतात. हे पत्र त्यांच्या हाती देतेय.

घरी सगळं ठीक आहे असंच लिहिणार होते. सोमनाथना त्यांच्या कंपनीनं पुन्हा ब्रेक दिलाय. ठेकेदाराकडच्या माणसांचं असंच असतं, काही महिने राबायचं, मग घरी बसायचं, मग पुन्हा नव्यानं लागायचं, म्हणजे कायम करायचा प्रश्नच येत नाही. ते दिवसभर अंबडच्या एमआयडीसीत चकरा मारतात आणि संध्याकाळी आल्यावर आधी माझ्या तोंडाकडे बघतात. लेक साई दहावीला आहे. शहाणी आहे, काही मागत नाही, आणि तेच मला बघवत नाही.

पेडिक्युरच्या बुकिंगवर तुझं सासरचं आडनाव होतं, त्यामुळे मला काही कळलं नव्हतं. पाठीवर ती मोठी बॅग, हातात टब, अंगात कंपनीचा टी-शर्ट. आणि तू म्हणालीस, ‘छाये?’ आपलं श्रमिकनगर सुटल्यापासून मला अशी हाक कुणी मारली नव्हती. तू मला बॅगेसकट मिठी मारलीस. तुझं घर फार छान आहे, हे मी तेव्हाही म्हणाले. गॅलरीतून गोदावरीकडची हिरवी झाडी दिसते, ती बघत आपण चहा घेतला. तुझे बाबा, आमचे जयरामकाका, गेल्याचं तू सांगितलंस आणि दोघी रडलो. पण माझं अर्धं लक्ष मोबाइलकडे होतं, कारण वेळेत काम सुरू केलं नाही तर ॲप चिडल्यासारखं वाजायला लागतं. म्हणून मी उठले, टबात कोमट पाणी ओतलं, पाटावर बसले आणि तुला म्हटलं, ये, पाय दे.

तू पाय वर ओढून घेतलेस. ‘तू माझ्या पायांना हात लावायचा नाहीस,’ म्हणालीस. ‘मला नाही सहन होणार.’

साधना, तुझ्या लग्नात तुझ्या पायांवर मेंदी मीच काढली होती. सगळी दुपार तुझे पाय माझ्या मांडीवर होते आणि तुला त्याचं काहीच वाटलं नव्हतं. हे मला तेव्हाच बोलायचं होतं, पण तुझे डोळे भरले होते, आणि तू मायेनंच म्हणत होतीस हे मला दिसत होतं. मग तूच मोबाइल घेतलास, बुकिंग कॅन्सल केलंस आणि पैसे माझ्या हातात कोंबलेस. कंपनीला कशाला, सगळे तुलाच राहू देत, म्हणालीस. मी नको म्हणाले, पण फार जोरात म्हणाले नाही. आणि घेतले. त्यानंतर आपण केवढ्या गप्पा मारल्या! कित्येक महिन्यांत मी अशी हसले नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ॲप उघडलं तर माझा आयडी बंद. बुकिंग रद्द झाल्यावरही मी तुझ्याच घरी होते, हे मोबाइलला ठाऊक होतं. कंपनी त्याचा एकच अर्थ लावते, की पोरीनं कस्टमर फोडला, काम परस्पर केलं. चॅटवर सगळं लिहिलं. उत्तर आलं, ‘तुमची अडचण आम्ही समजू शकतो.’ काहीही लिहिलं तरी तेच. एकदा मी नुसतं हॅलो लिहिलं, तरी ते माझी अडचण समजू शकत होते. तेव्हापासून मोबाइल उशाशी घेऊन झोपते. तो वाजला की उठून बघते, नाही वाजला तरी उठून बघते. घरात अजून कुणाला सांगितलेलं नाही. रोज बॅग घेऊन, टी-शर्ट घालून निघते आणि रोहिणीकडे जाऊन बसते.

रोहिणी माझ्याबरोबर ट्रेनिंगला होती. सासऱ्यांच्या आजारपणात तिनं बरीच बुकिंग नाकारली, तर तिचाही आयडी गेला. आम्हाला पार्टनर म्हणतात, कामगार नाही. त्यामुळे कामावरून काढलं असंही आम्हाला म्हणता येत नाही. आणखी सात-आठ जणी आहेत अशा. गोल्फ क्लबच्या मैदानात धरणं धरून बसू या, असं चाललंय. मला आपल्या लहानपणीचा संप आठवतो. तुझे नि माझे वडील एकाच मांडवात, कंपनीच्या गेटसमोर. तुझी आई आमच्यासाठीही भाकऱ्या थापायची. साहेब गाडीतून उतरायचा नाही, पण त्याला त्याच गेटमधून जावं लागायचं आणि आपल्या बापांची तोंडं बघावी लागायची. आमचा साहेब कोण, कुठल्या गावात बसतो, बाई आहे की बुवा, मला काही माहीत नाही. मैदानात आम्ही कुणाला दिसणार?

इथे कंपनीचं एक छोटं ऑफिस आहे, ट्रेनिंगपुरतं. तिथल्या शेखरला जाऊन भेटले. तो वाईट नाही, तोही बिचारा पोटासाठीच तिथे बसलाय. त्यानं दार लोटलं आणि हळूच म्हणाला, ‘ताई, कस्टमरनंच परस्पर काम करायची जबरदस्ती केली असं लिहून द्या. त्यांचं अकाउंट बंद होईल, तुमचं चालू होईल. नाहीतर मॅडमना सांगा, छाया वर आलीच नव्हती, खालीच थांबली होती म्हणावं.’ मी विचार करते म्हणाले. खरंच केला गं विचार. येताना स्कूटरवर पहिलं वाक्य मनात लिहूनसुद्धा झालं होतं. मग तुझी ती ‘छाये’ अशी हाक आठवली आणि पुढे काही सुचलं नाही.

शेखर म्हणतो, या दोन-चार दिवसांत तुला कंपनीचा फोन येईल. म्हणून हे लिहिलं, की झालेलं तुला त्यांच्या तोंडून कळू नये. तुझ्या हातून माझं काम गेलं असं मनाला लावून घेऊ नकोस, घेशील हे माहीत असूनही सांगते. पण मला खरी भीती वेगळीच आहे. मला वाचवायला तू पुन्हा काहीतरी मायेचं बोलशील. म्हणशील, जुनी मैत्रीण आहे, परिस्थिती बरी नाही बिचारीची, मी मदत केली. तसं म्हणू नकोस. ते पैसे स्कूटरच्या हप्त्यात गेले, परत करता येत नाहीत, नाहीतर याच पाकिटात घातले असते. माझ्या हाताचं काम चांगलं आहे, साधना. बायका माझं नाव घेऊन मला बोलावतात. खरं सांगून आयडी चालू होईलच असं नाही, शेखर तर नाही म्हणतो. तरी त्यांनी विचारलं तर एवढंच सांग, की छाया काम करायला आली होती, मीच करू दिलं नाही.

तुझीच,
श्रमिकनगरची छाया